भागधारकांचे विश्वस्त : कै. जमशेटजी टाटा

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. इतकेच नव्हे, तर आपल्या धर्माचेही नव्हते. परंतु सद्‌गुणांना जात नसते, आणि जो गुण आम्हांला येथे दाखवावयाचा आहे त्याची आज आपल्या घराघरांत गरज आहे. म्हणून ज्ञातिबंधुभगिनी हा प्रघातभंग गोड मानून घेतील असा आम्हांला भरवसा वाटतो.

जमशेटजी टाटा म्हटले की जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि बंगळूरची विज्ञानसंस्था ही तीन कार्ये शाळकरी मुलांनाही आठवतात. त्या कार्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र त्यांच्या चरित्रातील एक बाजू विशेषेकरून पाहणार आहोत. ती ही की, हजारो लोकांचा पैसा एकत्र करून जो मनुष्य उद्योग चालवितो, त्याने त्या पैशाच्या धन्याशी कसे वागावे. आणि धन्याने आपले धनीपण कसे सांभाळावे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मोपदेशकांचे. वडील नसरवानजी यांनी पिढीजात वृत्ती सोडून मुंबईस व्यापार आरंभिला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास जमशेटजी वडिलांकडे मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागले. १८५८ साली शिक्षण पुरे करून ते वडिलांच्या पेढीत बसले, आणि पुढील वर्षी पेढीची शाखा काढण्यासाठी त्यांना हाँगकाँगला धाडण्यात आले. त्या काळी मुंबईहून चीनकडे कापूस व अफू जाई आणि तिकडून चहा व रेशीम येई.

इतक्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकन कापूस बंद पडताच लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसावर तुटून पडल्या, आणि मुंबईत सोन्याचा पूर आला. पैसा इतका झाला की तो ठेवावा कोठे हे कळेना. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. बँकांनी त्याच भागांच्या तारणावर कर्जे दिली आणि त्या कर्जांतून लोकांनी आणखी भाग घेतले. कारभारी काय करीत आहेत, हे विचारण्यास कोणा भागधारकास सवड नव्हती. भाव चढत असेपर्यंत हिशेब कोण मागतो?

१८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला आणि त्यासरशी पत्त्यांचा हा बंगला खाली आला. जमशेटजी त्या वेळी पेढीच्या कामासाठी लंडनला होते. वय अवघे सव्वीस वर्षांचे, परका मुलुख, हाती असलेल्या हुंड्यांची किंमत शून्य, आणि दारात सावकार. त्यांनी तोंड चुकविले नाही. ते सावकारांकडे व बँकांकडे स्वतः गेले आणि पेढीची स्थिती काही हातचे न राखता त्यांच्यापुढे मांडली. त्यांच्या सचोटीचा असा परिणाम झाला की, देणेकऱ्यांनी पेढीची निरवानिरव करण्याचे काम त्यांच्याच हाती सोपविले व त्यासाठी त्यांना दरमहा वीस पौंड वेतन ठरवून दिले. इकडे नसरवानजींनी आपले राहते घर विकून देणी भागविली. ज्यात मुंबई बँकेसारखी जुनी संस्थाही बुडाली, त्या प्रलयातून टाटांची पत मात्र शाबूत राहिली. दुसऱ्याचा पैसा बुडाला म्हणजे किती घरे बुडतात, हे जमशेटजींनी ऐन उमेदीत डोळ्यांनी पाहिले. हा धडा ते कधी विसरले नाहीत असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते.

अबिसीनियावरील स्वारीच्या सैन्याला रसद पुरविण्याच्या मक्त्यात नसरवानजींचा भाग होता. त्यातून कुटुंबाची स्थिती सावरली. १८६८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, जमशेटजींनी एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी घातली. पुढील वर्षी चिंचपोकळी येथील दिवाळ्यात निघालेली एक तेलाची गिरणी घेऊन तिची त्यांनी कापडगिरणी केली आणि दोन वर्षांनी ती नफ्याने विकली. मग लँकेशायरला जाऊन त्यांनी सूतकताईचा धंदा बारकाईने पाहिला. परत आल्यावर १८७४ साली त्यांनी पंधरा लाखांच्या भांडवलाची एक कंपनी स्थापन केली. गिरणीसाठी त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस तेथे दारात, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि माल नेण्यास आगगाडी, असा त्यांचा हिशेब होता. दलदलीची जागा भरून काढावी लागली. अशी आख्यायिका सांगतात की, एका मारवाडी सावकाराने या मनुष्याचे सोने मातीत चालले आहे असे म्हणून भाग घेण्याचे नाकारले. आणि पुढे गिरणी भरभराटीस आल्यावर टाटांनी माती घालून सोने काढले, अशी कबुलीही त्यानेच दिली.

१ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली त्या दिवशी, ही गिरणी सुरू झाली व तिला एम्प्रेस मिल असे नाव पडले. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग. आरंभी घेतलेली यंत्रे हलकी निघाली. ती चूक जमशेटजींनी झाकून ठेविली नाही. चांगली यंत्रे आणून ती निस्तरली. रेल्वेच्या मालखात्यातून आलेल्या बेझनजी मेहतांच्या हाती त्यांनी कारभार दिला आणि अनुभवी इंग्रज कारागीर नेमला. रिंग जातीच्या नव्या चातीचा प्रयोग १८८३ च्या सुमारास येथेच झाला. कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई या गोष्टी, कायद्याने भाग पाडले नसताना, या गिरणीने केल्या. आज तेथे गिरणीचा भोंगा वाजत नाही; परंतु विदर्भातील कित्येक कुटुंबांनी तिच्यावर शंभरांहून अधिक वर्षे पोट भरले.

येथे गिरण्यांचा कारभार त्या काळी कसा चाले हे सांगितले पाहिजे. त्यावाचून जमशेटजींच्या पुढील कृत्याचे मोल कळणार नाही. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून मॅनेजिंग एजंटांची पद्धत रूढ होत गेली. कंपनीचे भांडवल भागधारकांचे. पण कारभार एका पेढीच्या हाती. ही पेढी कंपनीशी दीर्घ मुदतीचा, पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार करून घेई. संचालक तिच्या मर्जीतले, वार्षिक सभा तिच्याच कचेरीत, आणि गावोगावच्या भागधारकांची मुखत्यारपत्रे तिच्याच टेबलाच्या खणात. या पद्धतीत काही गुण नव्हता असे नाही. पेढीच्या नावावर लोक भाग घेत आणि पेढीच्या सहीवाचून बँका कर्ज देत नसत. परंतु खरी मेख मोबदल्यात होती. बहुतेक पेढ्या एका रत्तल सुतामागे पाव आणा अडत घेत. सूत विकले जावो वा वखारीत पडून राहो, नफा होवो वा तोटा होवो, पाव आणा ठरलेला.

आमचा जन्म मुलांना गणित शिकविण्यात गेला, म्हणून वाचकांनी एक उदाहरण करून पाहावे. समजा, एका गिरणीने वर्षाला वीस लाख रत्तल सूत काढले. रुपयाचे पाव आणे चौसष्ट. वीस लाखांस चौसष्टांनी भागले म्हणजे ३१,२५० रुपये एजंटास मिळाले. त्या वर्षी गिरणीस लाख रुपये तोटा झाला असला तरी हे ३१,२५० रुपये कायम. भागधारकास मात्र दमडी नाही. बाजार पडलेला असताना शहाणा मालक सूत कमी काढील. एजंट अधिक काढील, कारण त्याचे पोट रत्तलांवर, नफ्यावर नाही. अशा रीतीने कारभारी आणि धनी यांचे हित एकमेकांच्या विरुद्ध दिशांस जाऊ लागले. भागधारकाने सभेत हात वर करावा, तर मते एजंटाच्या खिशात.

१८८६ साली जमशेटजींनी कुर्ला येथील धरमसी मिल, उभारणीच्या खर्चाच्या मानाने अल्प किमतीस, विकत घेतली व तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. वंगभंगाच्या चळवळीच्या आधी जवळजवळ वीस वर्षे हे नाव त्यांनी आपल्या गिरणीस दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कंपनीच्या एजन्सीचा करार करताना त्यांनी पाव आण्याची अडत नाकारली व निव्वळ नफ्याच्या शेकडा दहा एवढाच मोबदला पेढीने घ्यावा असे ठरविले. वरच्याच उदाहरणात पाहा. तीन लाख नफा झाला तर एजंटास तीस हजार. नफा झाला नाही तर काहीही नाही. भागधारकाचे ताट वाढले तरच कारभाऱ्याचे वाढणार. कोणी भागधारकाने हे मागितले नव्हते आणि कोणत्या कायद्याने सांगितले नव्हते. ज्यांना मत होते पण ते चालविण्याचे बळ नव्हते, त्यांच्या बाजूने जमशेटजींनी स्वतःच आपल्या विरुद्ध मत दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या कराराची कसोटी लगेच लागली. धरमसी मिलची यंत्रे जुनी व मोडकळीस आलेली निघाली. माल खराब, तोटा मोठा, भागांचा भाव पार घसरला, आणि बँकेने कर्ज नाकारले. टाटांच्या नावास बट्टा लागण्याची वेळ आली. रत्तलावर अडत घेणारा एजंट या स्थितीतही सुखी राहिला असता. जमशेटजींनी एम्प्रेस मिलचे आपले काही भाग विकले, कुटुंबासाठी बाजूस ठेविलेल्या विश्वस्तनिधीचा पैसाही मोकळा केला, आणि तो सारा या बुडत्या गिरणीत घातला. नागपूरची कसलेली माणसे कुर्ल्यास आणली. यंत्रे बदलली. काही वर्षांनी गिरणी नफ्यात आली व तिचे कापड नावाजले गेले.

आता एक घरची गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांजवळ एका गिरणीचे चार भाग होते. गिरणीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वडील कारकून होते. आमच्या मातुःश्रींच्या पाटल्या मोडून त्यांनी ते भाग घेतले होते. दरवर्षी टपालाने सभेची नोटीस येई व तिच्यासोबत प्रतिनिधिपत्राचा कोरा कागद येई. वडील त्यावर सुवाच्य अक्षरात सही करीत आणि नाव न घालता तो परत पाठवीत. मोठी माणसे पाहून घेतील, आपण चार भागांचे धनी तेथे जाऊन काय बोलणार, अशी त्यांची समजूत. ताळेबंद त्यांनी एकदाही उलगडला नाही. १९८२ च्या संपानंतर ती गिरणी बंद पडली ती कायमची. संपाच्या आधीच कित्येक वर्षे यंत्रांवर पैसा न घालता नफा बाहेर नेला जात होता, हे आम्ही पुढे जुने ताळेबंद काढून वाचले तेव्हा कळले. सारे छापलेले होते. वाचणारा नव्हता. ते चार भागपत्र आजही आमच्या ट्रंकेत आहेत आणि पाटल्या गेल्या त्या गेल्याच. यात दोष कोणाचा? कारभाऱ्यांचा तर खराच. परंतु दरवर्षी केलेली ती कोरी सही आमच्या घरची होती.

जमशेटजींच्या चरित्राकडे पुन्हा वळू. १८८७ साली त्यांनी पुत्र दोराबजी व आप्त रतनजी दादाभाई यांना भागीदार घेऊन टाटा अँड सन्स ही पेढी स्थापिली. पोलाद, वीज आणि विज्ञानसंस्था ही तीन स्वप्ने त्यांनी उत्तरायुष्यात बाळगली; १८९८ साली विज्ञानसंस्थेसाठी तीस लाख रुपयांची मिळकत देऊ केली. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. परंतु स्वप्ने पुरी होण्यापूर्वीच, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाड नाउहाइम या गावी त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी जोडलेल्या विश्वासाचे फळ तीन वर्षांनी दिसले. पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मागण्यात आले. तेथे ते जमेना. तेव्हा दोराबजींनी १९०७ च्या ऑगस्टात मुंबईतच भाग विक्रीस काढले. स्वदेशीची लाट होतीच. पेढीच्या कचेरीसमोर सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांची रीघ लागली, आणि तीन आठवड्यांत सुमारे सोळा लाख पौंडांचे भांडवल जवळजवळ आठ हजार हिंदी लोकांनी भरून टाकले. पुढे चालू भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे निघाले, ते सर्व ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कर्जरोखे घेणारा सावकार असतो. त्याला व्याज मिळते पण सभेत मत नसते. भाग घेणारा मालक असतो. त्याला नफ्याची हमी नसते, म्हणूनच मत असते. ते आठ हजार लोक धोका पत्करून मालक झाले होते. पहिल्या महायुद्धानंतर १९२४ साली हा कारखाना बुडीत निघण्याची वेळ आली, तेव्हा दोराबजींनी पत्नीच्या अलंकारांसह आपली सुमारे एक कोटीची खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले. स्वदेशी मिलच्या वेळचा बापाचा कित्ता मुलाने गिरविला.

परंतु सगळेच कारभारी जमशेटजी नसतात, आणि सज्जनपणाच्या भरवशावर व्यवस्था सोडता येत नाही. जमशेटजींनी स्वेच्छेने केले ते पुढे कायद्याला करावे लागले. १९३६ च्या दुरुस्तीने मॅनेजिंग एजंटांची मुदत वीस वर्षांवर आणली आणि नव्या कंपन्यांत मोबदला निव्वळ नफ्यावरच ठरवावा असे बंधन घातले. १९५६ च्या कंपनी कायद्याने तो मोबदला निव्वळ नफ्याच्या शेकडा दहांहून अधिक असू नये असे ठरविले. स्वदेशी मिलच्या कराराचा आकडा सत्तर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला! आणि अखेर ३ एप्रिल १९७० पासून ती पद्धतच बंद झाली.

मतांची मोजणीही काळाप्रमाणे बदलली. इंग्लंडच्या १८६२ च्या कायद्यातील नमुना नियमावलीत मते उतरत्या प्रमाणात होती : पहिल्या दहा भागांपर्यंत दर भागास एक, पुढे शंभरापर्यंत दर पाच भागांस एक, त्यापुढे दर दहांस एक. म्हणजे दीडशे भागांच्या धन्यास दहा, अठरा आणि पाच मिळून तेहतीसच मते. थोरांचे बळ थोडे आवरावे हा हेतू. आज सामान्यतः जितके भांडवल तितकी मते. आपल्या सहकारी पतपेढ्यांत याच्या उलट, भाग कितीही असोत, माणसामागे मत एकच. टाटांच्या मुख्य कंपनीचे सुमारे दोन-तृतीयांश भाग जमशेटजींच्या पुत्रांनी व वंशजांनी स्थापिलेल्या धर्मादाय न्यासांकडे आहेत. त्या कंपनीच्या अध्यक्षांना २०१६ साली दूर करण्यात आले, तेव्हा सुमारे अठरा टक्के भाग बाळगणाऱ्या त्यांच्या घराण्याने न्यायालयात दाद मागितली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. बहुमत कोणाकडे हा प्रश्न थोर घराण्यांसही चुकत नाही, तो आपल्यास कसा चुकेल?

तथापि लहान भागधारक आज अगदीच निराधार नाही. सभेची नोटीस एकवीस दिवस आधी मिळते. महत्त्वाच्या ठरावास विरुद्ध मतांच्या तिप्पट मते लागतात. म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक मते एकत्र आली तरी असा ठराव अडतो. एकदशांश मतांचे धनी मिळून खास सभा बोलाविण्याची मागणी करू शकतात. नोंदलेल्या कंपन्यांत घरबसल्या मत देण्याची सोय आहे. चार भागांचे चार मत लहान असेल, परंतु जे दिले जात नाही ते मत नेहमी कारभाऱ्याच्याच पारड्यात पडते.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे की, नोटीस आली म्हणजे ती केराच्या टोपलीत टाकू नये. तरुण मुलामुलींनी ती वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावी. तीन प्रश्न पुरे आहेत : नफा कोठे गेला, कारभाऱ्यांनी किती घेतले, आणि ते कशाच्या मापाने घेतले? पाव आणा रत्तलावर, की दहा टक्के नफ्यावर?

आणि हा अभ्यास घरापासूनच सुरू करावा. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेस दरवर्षी गणसंख्येअभावी अर्धा तास खोळंबावे लागते, आणि मग उपस्थित पंधरा-वीस जण सर्वांच्या वतीने हिशेब मंजूर करतात. कार्यकारी मंडळ सचोटीचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु जमशेटजींसारखा विश्वस्त मिळणे हे दैवाचे दान. त्याच्याकडे हिशेब मागणे हे मात्र आपले कर्तव्य. यंदाच्या सभेस तरी तो अर्धा तास थांबावे लागू नये, एवढीच आमची प्रार्थना आहे.